पोकळ थप्पी

ऑफिसातल्या थोरल्या साल्कीन एजेनं फोन खाली ठेवला, पेन्सिल अंबाड्यात खोवली आणि म्हणाली, "बुरुल, आज तुझी चैन आहे बाई. सुयुंचू मिळणार तुला." सुयुंचू मिळते ती चांगली बातमी आणणाऱ्याला. ज्याचं भलं झालं त्यानं ती द्यायची, हातातलं, अंगावरचं, असेल ते काढून. म्हणजे भलं दुसऱ्याच कुणाचं तरी झालं होतं, हे चार वर्षांच्या पोरालाही कळलं असतं. तरी बुरुलचं काळीज एकदा उडालंच. एका श्वासात ती अल्माटीला पोचली, खिडकीजवळचं टेबल तिला मिळालं, आईला फोनसुद्धा करून झाला. मग एजेचं पुढचं वाक्य आलं. "पेरिझातचं झालं. अल्माटीच्या ऑडिट कंपनीत दोन वर्षं उमेदवारी, परीक्षांची फी त्यांची, राहायला खोली. गोदामात तिचा फोन लागत नाही, आणि तू तिकडेच निघालीयेस. मीच सांगितली असती गं, पण ह्या ऑफिसातल्या बातम्या वाहून वाहून माझ्याकडे सात ओढण्या आणि एक थर्मास जमलाय. ह्या खेपेला तू घे." कोटाची बाही शोधता शोधता ती पुढे म्हणाली, "चारच्या आत तिनं स्वतः फोन करून हो म्हणायचंय. नाहीतर ते यादीतलं खालचं नाव घेणार म्हणे. विसरू नकोस, नातवाच्या बालवाडीत नाच आहे, मी काही आता परत येत नाही."

खालचं नाव कुणाचं, ते एजेला ठाऊक नव्हतं. बुरुलला होतं. मागच्या सोमवारी साहेबांनी दोघींनाच आत बोलावलं होतं, आणि यादी दोनच नावांची होती. भिंतीवर सव्वादहा वाजले होते. बुरुलनं वेळ बघितली ती उगाच नव्हे. वर्षभराच्या नोकरीनं लावलेली सवय होती, कुठलाही कागद हातात आला की आधी तारीख आणि वेळ लिहायची. इथं कागद नव्हता, म्हणून ती वेळ तिच्या डोक्यातच लिहिली गेली आणि पुढे दिवसभर पुसता आली नाही.

मार्शुत्कात, त्या खच्चून भरणाऱ्या छोट्या बसमध्ये, बसायला जागा मिळाली, तीही खिडकीजवळ. नोव्हेंबरचा शेवट होता, काचेवर माणसांच्या श्वासांचं पाणी जमलं होतं, आणि पलीकडे बिश्केक कोळशाच्या धुरात मळक्या कापडात गुंडाळल्यासारखं पडलं होतं. बातमी तोंडात होती. कढईतून काढलेला गरम गरम बोरसोक एकदम तोंडात टाकावा, मग गिळता येऊ नये आणि चारचौघांत थुंकताही येऊ नये, तशी. बुरुल स्वतःला समजावत होती की पोचताक्षणी सांगून टाकायचं, दारातूनच ओरडायचं, सुयुंचू, सुयुंचू, हात पसरून, जसं ओरडतात तसं. ती मनातल्या मनात ओरडून बघत होती आणि दर वेळी आवाज परका निघत होता, लग्नात भाड्यानं आणलेल्या गाणाऱ्या बाईसारखा. आणि त्याच वेळी दुसरीकडे हिशेब चालूच होता, त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं. पेरिझातला बेरजा येत नाहीत. पेरिझातच्या तक्त्यांतल्या चुका गेल्या हिवाळ्यात मी दुरुस्त केल्या, शुक्रवारच्या शुक्रवारी, आणि सोमवारी साहेब म्हणाले, वा, पेरिझात, स्वच्छ काम. पेरिझात म्हणाली होती, "बुरुलनं बघितलंय ते." म्हणाली होती, हे खरं. पण इतक्या सहज म्हणाली की ते कुणाला ऐकूच गेलं नाही. हात पुढे करावा आणि कुणीतरी त्यात पेन ठेवावं, असं तिचं आयुष्य होतं. संत्रं सोलायची तर साल एका तुकड्यात निघायची. बुरुलच्या हातात तिचे अकरा तुकडे व्हायचे आणि नखात पिवळं राहायचं.

शिकत असताना त्या दोघी खानावळीत जात. पेरिझात पदार्थांच्या पाटीकडे बघतही नसे. खुर्ची ओढता ओढताच सांगे, लाग्मान, तिखट जास्त. बुरुल पाटी वरपासून खालपर्यंत वाचे, मग पुन्हा वरून, मागची माणसं उसासे टाकेपर्यंत, आणि शेवटी म्हणे, मलाही तेच. पुढं काय करणार, असं कुणी विचारलं की पेरिझात तसंच सांगायची, लाग्मान मागवल्यासारखं: आधी ऑडिट, दोन वर्षं गावोगाव फिरणार, मग परीक्षा संपवणार, मग स्वतःचं ऑफिस, मग मुलं, दोन, जुळी झाली तर वेळ वाचेल. बुरुल म्हणायची, बघू. आणि खरं सांगायचं तर, जे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, अल्माटीचं तिला सुचलंच नव्हतं. पेरिझातनं अर्ज आणला होता. बुरुलनं तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाली, मलाही एक दे.

चौथ्या थांब्यावर आईचा फोन आला. आई आत-बाशी गावाहून बोलायची ती डोंगराला ऐकू जावं एवढ्या आवाजात. "पोरी, गुलबारा निवृत्त होतेय. कर कचेरीतली. तिची खुर्ची शेगडीजवळची आहे, ऐकतेस ना? बाविसाव्या वर्षी शेगडीजवळची खुर्ची कुणाला मिळते? मी शब्द टाकलाय. शनिवारी काय ते सांग."

"तेवीस, अपा."

"तेवीस तर तेवीस, म्हणजे आणखी घाई. मी बत्तीस वर्षं गावच्या सामूहिक शेतीचे हिशेब लिहिले, दाराजवळ बसून. पाठीत वारा अजून आहे." मग आवाज थोडा उतरवून, "त्या तुझ्या मैत्रिणीचं काय झालं? अल्माटीचं?"

"अजून काही कळलं नाही," बुरुल म्हणाली. शब्द इतके सरळ आले, इतके घासूनपुसून, की शेजारच्या बाईनं मान वळवून बघितलं असं तिला वाटलं. बाई तर झोपली होती. ती शेगडीजवळची खुर्ची मात्र बुरुलच्या डोळ्यांसमोर बसूनच राहिली: हिरवा रंग लावलेली भिंत, खिडकीत कोरफडीची कुंडी, चहा विचारायला येणारी माणसं, आणि आपण, चाळिशीच्या, पन्नाशीच्या, टोपीखाली केस विरळ झालेल्या, आणि उन्हाळ्यात कधीतरी एक मोटार थांबून पेरिझात उतरणार, जुळ्यांसकट, आणि म्हणणार, अगं, तू अजून इथंच? प्रेमानंच म्हणणार. तेच तर होतं. तिनं एकदा जरी वाईटपणा केला असता तर बुरुलला किती हलकं वाटलं असतं.

गोदाम मधाचं होतं. आत-बाशीचाच पांढरा मध, दहा-दहा किलोच्या डब्यांत, परदेशी जायला निघालेला. वर्ष संपण्याआधी डबे मोजून त्यांचा आकडा वह्यांशी जुळवायचा, असं नवशिक्यांच्या वाट्याला येणारं काम. भिंती हातभर जाड, आत दिवे पिवळे, श्वासाचा धूर होत होता. राखणदार उलकान अपा, वयामुळे सगळ्यांचीच अपा, सत्तरीची, दोन कोटांवर एक बंडी घातलेली, दाराशीच ओरडली, "आली दुसरी! एकीनं माझा जीव खाल्ला, आता दुसरी. डबे पळून जातात का गं, रोज मोजायला?" आत दोन रांगांच्या मधून पेरिझातनं मान काढली. बुरुलनं तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं, पुढे कितीदा तरी तिनं स्वतःला हे सांगितलं. पण पेरिझातनं ओठांवर बोट ठेवलं, दुसऱ्या हाताची बोटं हवेत हलवत राहिली, दोनशे एकतीस, दोनशे बत्तीस, आणि डोळ्यांनी विनवलं: आत्ता नको. मोजणाऱ्याला मधेच टोकू नये, हा त्यांच्या धंद्याचा पहिला नियम. दुसरा नियम असा की माल दोघींनी वेगवेगळा मोजायचा, आपापला आकडा लिहून कागद दुमडायचा, आणि पहिलीनं दुसरीला आकडा सांगायचा नाही. कानावर पडलेला आकडा डोळ्यांना दिसायला लागतो म्हणून. बुरुलनं तोंड मिटलं. माहीत असलेली गोष्ट न सांगणं ह्याला इथं प्रामाणिकपणा म्हणतात, हा विचार तिच्या मनात आला आणि तिला स्वतःचीच थोडी शिसारी आली, पण थोडीच. तिनं हातमोजे चढवले आणि पहिल्या थप्पीशी उभी राहिली.

एक वाजता उलकान अपानं चहा दिला, दूध घातलेला, खारट. बसायला भिंतीशी एक लांबट बैठक होती, वर जाड लोकरी नमद्याची घडी टाकलेली. बुरुल तिच्यावर बसली, पेरिझात समोर एका पालथ्या खोक्यावर. पेरिझातनं बूट काढून पाय शेगडीकडे धरले, आणि बुरुलला ते मोजे दिसले. करड्या बकरीच्या लोकरीचे, बुरुलच्याच आईनं विणलेले. तिसऱ्या वर्षाच्या डिसेंबरात, निकाल लागला त्या दुपारी, पेरिझात वसतिगृहापर्यंत बर्फातून धावत आली होती, कोट नाही, पायात घरातल्या सपाता, आणि तीन मजले ओरडत चढली होती, सुयुंचू, सुयुंचू, बुरुल पहिली आली! बुरुलकडे द्यायला काही नव्हतं. खोलीत एक किटली होती, तीही दुसऱ्या मुलीची. तिनं पायातले मोजे काढून दिले होते, लाजत. "माझ्याकडे दुसरं काही नाही आत्ता." पेरिझातनं ते तिथल्या तिथं, ओल्या पायांत चढवले होते आणि पलंगावर उड्या मारल्या होत्या. पहिली आलेली बुरुल, अनवाणी, तिच्याकडे बघत उभी होती आणि तिला वाटलं होतं, माझ्या आनंदात सुद्धा हीच जास्त छान दिसतेय. आता टाचेला भोक पडलं होतं आणि ते लाल धाग्यानं बुजवलेलं होतं, शहरी हातांनी, गाठ वर आलेली.

"ऑफिसात काय नवीन?" पेरिझातनं विचारलं.

"काही नाही."

"साल्कीन एजे काही बोलली?"

"नातवाचा नाच आहे म्हणाली."

पेरिझात हसली, पण लगेच तिचं हसू पेल्यात पडलं. "मला वाटलं होतं आज कळेल. रात्री झोपच लागली नाही, खरं सांगते. आई म्हणते, कशाला एवढं मनाला लावून घेतेस, दवाखान्यात माझ्या शेजारी बस, पावत्या फाड. दात उपटायचा आवाज ऐकत पावत्या फाडायच्या, बुरुल! जन्मभर!" मग ती पुढे वाकली. "तुझं झालं तर मला आधी कळू दे. मीच येईन धावत. ह्या खेपेला मोज्यांवर भागणार नाही हं, कोटच काढून घेईन."

"आणि तुझं झालं तर?" बुरुलनं विचारलं. आवाज स्थिर होता.

"माझं झालं तर तू ये," पेरिझात म्हणाली. "दुसऱ्या कुणाकडून ऐकलं तर अर्धंच झाल्यासारखं वाटेल."

उलकान अपानं दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. "खा, खा. बोलून पोट भरत नाही. आणि ही दुसरी चहा पीतच नाही, नुसती पेल्यावर हात शेकते. माझ्या चहात काय माती आहे?"

बुरुलनं चहा घटाघटा प्यायला. भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजला, मग ती मोजायला उठली. मग दोन वाजले, ते तिनं बघितलं नाही, फक्त ऐकलं. ती काही करत नव्हती. हे तिला विलक्षण वाटत होतं. माणूस वाईट करतो तेव्हा हातपाय हलवतो अशी तिची समजूत होती. इथं ती नुसती डबे मोजत होती, सात उभे, नऊ आडवे, सहा आत, आणि वेळच आपण होऊन ते काम उरकत होती, इमानी नोकरासारखी. मधूनच तिला वाटे, पेरिझात दारापाशी गेली, फाटकाजवळच्या पॉप्लरच्या झाडाखाली उभी राहिली, तिथं फोन लागतो, तर सगळं संपेल. तिला ते हवंही होतं. पण पेरिझात गेली नाही. पेरिझातचा आवाज पलीकडच्या रांगेतून येत होता, मध्येच आकडा चुकून स्वतःला शिव्या देणारा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करणारा, आणि बुरुलला तो आवाज इतका ओळखीचा, इतका आपला वाटत होता, की त्याचा मत्सर करणं म्हणजे स्वतःच्याच एका अवयवाचा मत्सर करणं. तरी ती करत होती.

सव्वातीनला त्यांनी दुमडलेले कागद उघडले, बैठकीवर शेजारी शेजारी ठेवले. अकरा थप्प्या जुळल्या. बाराव्या थप्पीला बुरुलचा आकडा होता तीनशे अठ्ठ्याहत्तर, पेरिझातचा तीनशे बहात्तर.

बुरुलच्या अंगातून एक गोड, हलकी गरम लहर गेली. हेच. हेच तर ती सकाळपासून शोधत होती. जिला एक थप्पी मोजता येत नाही ती अल्माटीला जाणार, आणि का, तर तिला लाग्मान मागवता येतं म्हणून. आता न सांगणं म्हणजे चोरी राहिली नव्हती, दुरुस्ती झाली होती, शुक्रवारच्या दुरुस्त्यांसारखी. "सात, नऊ, सहा," ती म्हणाली, शिक्षिकेच्या शांतपणानं. "गुणून बघ. वहीतही तीनशे अठ्ठ्याहत्तरच आहेत."

"मी गुणलं नाही गं," पेरिझात म्हणाली. "गुणाकार मला जमतो कुठं? मी वर चढून एक एक मोजले. तू चढ ना, बघ."

शिडी लाकडी होती, तिसरी पायरी डुगडुगणारी. बुरुल चढली. थप्पीच्या वरून बघितलं तर डब्यांची झाकणं पिवळ्या दिव्यात सारखी, ओळीनं, आणि बरोबर मधोमध एक काळा चौकोन. तीन डबे लांब, दोन डबे खोल. तिनं वाकून बघितलं. आत जुन्या कोटाची बाही अंथरलेली, एक बशी, आणि एक करडी मांजर, पोटाशी चार पिल्लं घेऊन, डोळे बारीक करून बुरुलकडे बघत. बाहेरून थप्पी भरीव होती, सात, नऊ, सहा, कुठल्याही बाजूनं बघा.

"उलकान अपा!" पेरिझात खालून ओरडली. "ते सहा डबे कुठायत?"

"कुठं म्हणजे? त्यांच्यावर तर बसली होती ही दुपारी," म्हातारी म्हणाली, बैठकीवरचा नमदा उचलून दाखवत. खाली सहा डबे होते, ओळीनं. "ती तिथं व्याली, मी काय करू? तिला म्हणू, ऑडिट आहे, बाहेर ये? तुम्हांला तीनशे अठ्ठ्याहत्तर हवेत ना? मोजा हे. आहेत सगळे."

होते सगळे. बुरुलचा आकडा बरोबर होता. वहीशी जुळत होता, गोदामाशी जुळत होता, आणि तो तिनं मोजलेला नव्हता. समोरची बाजू बघून आतलं तिनं धरून चाललं होतं. ज्या सहा डब्यांवर बसून ती दुपारी खोटं बोलली होती, तेच तिनं इथं, मांजरीच्या जागी, मोजले होते. तिला एकदम आठवलं की शुक्रवारच्या त्या सगळ्या दुरुस्त्या बेरजांच्याच होत्या. एकदाही तिनं असं काही शोधून काढलं नव्हतं ज्यासाठी शिडी लावावी लागते. साहेबांनी स्वच्छ काम म्हटलं होतं ते कदाचित बेरजांना म्हटलंच नसेल. हा विचार इतका साधा होता की तो सकाळी का आला नाही ह्याचंच तिला नवल वाटलं. खाली पेरिझात शिडी धरून उभी होती, दोन्ही हातांनी, तिसरी पायरी डुगडुगते म्हणून. वर बघत होती, नाक थंडीनं लाल. भिंतीवर चाराला अठरा मिनिटं कमी होती.

"सुयुंचू," बुरुल म्हणाली.

"काय?" पेरिझात हसायला लागली. "चार पिल्लांची? मांजरीकडून माग."

"अल्माटी. तुझं झालं. चारच्या आत फोन करून हो म्हणायचंय." आणि मग, कुणी विचारण्याआधी, कारण विचारल्यावर सांगायची ताकद आपल्यात राहणार नाही हे तिला ठाऊक होतं: "सव्वादहाला कळलं मला."

पेरिझातचं हसू आधीच सुरू झालं होतं, ते चेहऱ्यावर थोडा वेळ तसंच राहिलं, घरमालक निघून गेल्यावर दिवा राहावा तसं. तिनं घड्याळाकडे बघितलं. यादीत दोनच नावं आहेत हे तिलाही ठाऊक होतं. शिडीवरचे हात तिनं काढले नाहीत. "आधी उतर," ती म्हणाली. बुरुल उतरली, शेवटच्या पायरीपर्यंत पेरिझात शिडी धरून होती, आणि मग ती धावली, कोट न घेता, दारातून, अंगणातून, फाटकाकडे.

"काय झालं?" उलकान अपानं विचारलं. "चांगली बातमी ना? मग तुझं तोंड असं का?"

बुरुल सहा डब्यांवर बसली. दारातून पॉप्लरखालची पेरिझात दिसत होती, फोन कानाला, एक पाय दुसऱ्यावर घासत, मान हलवत, हो, हो. काही ऐकू येत नव्हतं. शनिवारी आईला काय सांगायचं, तेही ऐकू येत नव्हतं. शेगडीजवळची खुर्ची, दाराजवळची खुर्ची, कुणाच्या तरी मागोमाग भरलेला अर्ज. तिनं पहिल्यांदाच स्वतःला विचारलं की पाटीवरचं कुणीच आधी काही मागवलं नसतं तर आपण काय मागवलं असतं. उत्तर आलं नाही. पण मागून कुणी उसासाही टाकला नाही.

पेरिझात परत आली तेव्हा चाराला पाच कमी होते. तिच्या केसांत कोळशाच्या धुराचा वास होता. ती बुरुलच्या शेजारी बसली, मध्ये एका डब्याची जागा सोडून, आणि बूट काढायला लागली. मग एक मोजा काढला. मग दुसरा. त्यांची घडी घातली, लाल गाठ आत जाईल अशी, आणि बुरुलच्या मांडीवर ठेवली.

"माझ्याकडे दुसरं काही नाही आत्ता," ती म्हणाली.

"पेरिझात, नको."

"सुयुंचू नाकारत नाहीत." आवाजात राग नव्हता, आणि राग नाही असंही नव्हतं. तिनं उघडे पाय बुटांत घातले, थंडीनं एकदा दात आवळले, कागद उचलला आणि तीनशे बहात्तर अधिक सहा असं लिहून खाली सही केली. "तेरावी थप्पी राहिलीय. वर कोण चढतं?"

"मी," बुरुल म्हणाली.

उलकान अपा म्हणाली, "आधी घाल ते पायांत, नुसती धरून काय बसलीस, मोजे आहेत, कबुतरं नाहीत." बुरुलनं बूट काढले आणि मोजे चढवले, कारण त्यांचं दुसरं काही करणं शक्य नव्हतं. ते अजून गरम होते. टाचेखाली लाल गाठ टोचत होती, आणि ती तशीच टोचत असताना तिनं शिडी उचलून तेराव्या थप्पीला लावली. खाली पेरिझातनं दोन्ही हातांनी ती धरली.